साखरेचे वस्त्र

जुलै १५७४. पोलंडचे सिंहासन सोडून फ्रान्सचा मुकुट घेण्यास निघालेला तिसरा हेन्री वाटेत व्हेनिसमध्ये थांबला. तेथील जहाजबांधणीच्या शस्त्रागारात त्याच्यासाठी मेजवानी मांडली होती. राजाने ताटाशेजारचा रुमाल उचलला आणि तो हातातच मोडला. ते कापड नव्हतेच. रुमाल, चादर, ताटे, सुऱ्या, सारे साखरेचे!

थट्टा खरी, पण तीत बडेजावही होता. ज्या सायप्रस बेटावर व्हेनिसच्या कोर्नारो घराण्याने पूर्वी उसाचे मळे राखले, ते बेट वर्षभरापूर्वीच्या तहात उस्मानी तुर्कांकडे गेले होते. बेट गेले, तरी साखरेचा थाट कायम होता.

अशा साखरेची किमया डिंकात असते. इराण-तुर्कस्तानातील काटेरी झुडपांचा ट्रॅगाकान्थ डिंक भिजवून पिठीसाखरेत मळला, की गोळा पोळीसारखा लाटता येतो, त्याला चुण्या घालता येतात. वाळल्यावर मात्र तो चिनी मातीसारखा कडक होतो. पाहावा, खाऊ नये.

आजच्या केकवरील फाँडंटमध्ये ग्लुकोज व ग्लिसरीन असते, म्हणून त्याची वस्त्रे मऊ राहतात आणि सुरीने कापली जातात. दक्षिण आफ्रिकेच्या एलेन गॅरेट यांच्या नावाने ओळखली जाणारी झालर अशीच. पातळ लाटलेल्या कड्याच्या काठावरून दात कोरायची काडी फिरवली, की काठ मलमलीसारखा लहरतो. हात चपळ हवा; वाऱ्याने काठ सुकला की चिरतो.

लहर टिकावी म्हणून फाँडंटमध्ये आजही डिंक मिसळतात. पुष्कळदा ट्रॅगाकान्थऐवजी स्वस्त सीएमसी वापरतात. ते सेल्युलोजपासून बनते, आणि कापसाचा धागाही सेल्युलोजचाच.