ग्रंथालयांची भिशी

भिशी कशी चालते हे आपणां भगिनींना कोणी शिकवावयास नको. दहा-बाराजणी विश्वासाने एकत्र येतात, ठरलेला वाटा देतात, आणि एकटीला जे झेपले नसते ते पाळीपाळीने सर्वांना साधते. अमेरिकेतील ओहायो राज्यात ग्रंथालयांनी अशीच एक भिशी सुरू केली. तीत पैशाबरोबर श्रमही घालावयाचे होते, एवढाच फरक.

पुस्तक ग्रंथालयात आले की त्याचे कार्ड करावे लागे. लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, विषय, वर्गांक हे सारे काळजीपूर्वक लिहावयाचे. एकच पुस्तक पन्नास ग्रंथालयांनी घेतले, तर पन्नास ठिकाणी तेच काम! अमेरिकेत हे काम करणाऱ्यांत स्त्रियाच बहुसंख्य होत्या. त्यांची नावे मात्र इतिहासात फारशी सापडत नाहीत.

सन १९६७ च्या जुलैत ओहायोतील ५४ महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या ग्रंथालयांनी मिळून ‘ओहायो कॉलेज लायब्ररी सेंटर’ ही नफा न काढणारी संस्था स्थापन केली. येल विद्यापीठाच्या ग्रंथालयातून फ्रेडरिक किलगोर तिचे संचालक म्हणून आले. ग्रंथालयाचा खर्च एकदम कमी होईल असे वचन त्यांनी दिले नाही. खर्च वाढण्याचा वेग कमी करू, एवढेच म्हटले. घर चालविणाऱ्या बाईला हा हिशेब लगेच पटेल.

मुख्य काम सुरू होण्यास चार वर्षे लागली. तितके दिवस सभासदांनी धीर धरला, याचेच मला अधिक कौतुक वाटते. अखेर २६ ऑगस्ट १९७१ रोजी अथेन्स गावी ओहायो विद्यापीठाचे ग्रंथालय तारेने कोलंबस येथील संगणकाशी जोडले गेले, आणि त्या दिवशी १३३ पुस्तकांच्या नोंदी झाल्या.

रीत सोपी होती. लेखकाच्या नावाची तीन अक्षरे व पुस्तकाच्या नावाची तीन अक्षरे टंकावयाची. नोंद सापडली तर आपल्या ग्रंथालयाची खूण जोडावयाची. मग छापील कार्डे, अनुक्रमाने लावलेली, टपालाने येत. न सापडल्यास नोंद आपणच करावयाची, म्हणजे पुढे ती सर्वांच्या कामी येई. दुसऱ्याने केलेली नोंद घेतली तर शुल्क पडे. नव्या नोंदीला ते पडत नसे.

पण विश्वास म्हटला की त्याची परीक्षाही आलीच. कोणी घाईने अर्धवट नोंद करी, कोणी असलेलीच पुन्हा घाली, आणि ती चूक सगळ्यांच्या कपाटांत जाई. म्हणून १९८३ पासून निवडक ग्रंथालयांना दुसऱ्यांच्या नोंदी दुरुस्त करण्याचा अधिकार मिळाला.

वाढ झपाट्याने झाली. १९७७ मध्ये ओहायोबाहेरच्या ग्रंथालयांना सभासदत्वाचे दार उघडले. १९७९ मध्ये एका ग्रंथालयाचे पुस्तक दुसऱ्यास उसने देण्याची सोय याच यंत्रणेतून झाली. १९८१ मध्ये संस्थेच्या नावातून ओहायो गेले. आज ती ‘ओसीएलसी’ या अक्षरांनीच ओळखली जाते. १९८५ या एका वर्षात १३ कोटी १० लाख कार्डे छापली गेली!

या यादीत मराठी पुस्तकेही आहेत. पी.एल. ४८० चा गहू वयस्क भगिनींना आठवत असेल. त्याच्या विक्रीच्या रुपयांतून १९६२ पासून आपल्याकडील पुस्तके खरेदी होऊन अमेरिकेतील विद्यापीठांत जात. गहू आपण खाल्ला, पुस्तके तिकडे राहिली!

खरा वाद उठला तो २००८ च्या नोव्हेंबरात. सामायिक नोंदी कोणी, कशासाठी वापराव्यात याचे नवे नियम संस्थेने जाहीर केले, तेव्हा सभासद ग्रंथालयेच नाराज झाली. नोंदी आम्ही केल्या, मग त्यांवर बंधन घालणारे तुम्ही कोण, असा त्यांचा सवाल होता. मला तो रास्त वाटतो. भिशीचा हिशेब ठेवणारी ही भिशीची मालकीण नव्हे. नियम मागे घ्यावे लागले, आणि २०१० मध्ये सभासदांशी विचारविनिमय करून दुसरे आले. संस्थेचीही एक बाजू होती: यादी फुकट बाहेर गेली तर ती सांभाळण्याचा खर्च कोण देणार? तो प्रश्न काही खोटा नव्हता.

दरम्यान छापील कार्डांची गरज सरली. १ ऑक्टोबर २०१५ रोजी शेवटची कार्डे छापली गेली. तोवर एकूण सुमारे १ अब्ज ९० कोटी निघाली होती. तो शेवटचा गठ्ठा न्यूयॉर्कजवळच्या एका महाविद्यालयाकडे गेला. तेथेही कार्डे ठेवीत ती संगणकाची जोडणी कधी बंद पडलीच तर हाताशी असावीत म्हणून.