साक्षीपत्रासह छापलेला वैद्यकग्रंथ

वैद्यकाचा ग्रंथ कोणाच्या भरवशावर खरा मानावा, हा प्रश्न आजचा नव्हे. वनस्पती ओळखण्यात चूक झाली, तर औषधाचे विष होण्यास वेळ लागत नाही. सतराव्या शतकात कोचीन येथे या प्रश्नाचे जे उत्तर दिले गेले, त्यात तीन कोंकणी ब्राह्मणांचा वाटा होता. त्यांचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत.

पोर्तुगीज अमलातील धर्मछळामुळे गोमंतक सोडलेली अनेक कोंकणी कुटुंबे कोचीनच्या राजाच्या आश्रयास राहिली. मट्टांचेरीचे तिरुमल देवस्थान हे त्यांच्या समाजजीवनाचे केंद्र झाले. १६६३ साली कोचीन डचांच्या हाती गेले आणि पुढे हेन्ड्रिक व्हान रीडे हा मलबारचा डच अधिकारी झाला. तेथील औषधी वनस्पतींचा सचित्र ग्रंथ सिद्ध करण्याचा त्याने संकल्प केला. हाच ‘हॉर्टस मलबारिकस’ होय.

प्रारंभी मॅथ्यू नावाच्या कार्मेलाइट साधूने काही रेखाटने केली. परंतु ती फारच स्थूल ठरली. तेव्हा रीडेने पद्धतच बदलली. पाने, फुले, फळे यांसह ताज्या वनस्पती रानांतून आणवून त्या चित्रकारांपुढे ठेवण्यात आल्या. इट्टी अच्युतन् या ईळव वैद्याने घराण्यात चालत आलेल्या पोथ्यांतील गुणधर्म सांगितले. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोंकणी पंडितांनी निघंटूतील ज्ञान पुरविले. एकाच वनस्पतीविषयी निरनिराळ्या परंपरांचे जाणते एकत्र बसले, हे आम्हांस विशेष वाटते. मल्याळम् मजकूर प्रथम पोर्तुगीजमध्ये आणि मग लॅटिनमध्ये उतरला. भाषांतराच्या प्रत्येक पायरीवर अर्थ निसटण्याचा धोका असतो. म्हणूनच मूळ माहितगारांची साक्ष आवश्यक होती.

ती साक्ष त्यांनी १६७५ साली लिहून दिली. तिघा पंडितांचे कोंकणी साक्षीपत्र नागरी लिपीत १६७८ च्या पहिल्या खंडात छापले गेले. पुढे एकूण १२ खंड आणि ७०० हून अधिक चित्रे ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाली. चित्रांवर रोमन, मल्याळम्, अरबी आणि नागरी अशा लिप्यांत नावे दिली. रीडे १६९१ साली निवर्तला व सुरतेस त्याचे दफन झाले; शेवटचा खंड १६९३ त निघाला. मलबारच्या कित्येक वनस्पती लिनियसने प्रत्यक्ष न पाहता १७५३ साली या चित्रांच्या आधारे नामांकित केल्या. के. एस. मणिलाल यांच्या दीर्घ परिश्रमांनी २००३ साली त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला.

आजही हाच कस लावावा लागतो. त्वचारोगांच्या पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत गौर त्वचेचीच छायाचित्रे बहुसंख्य असतात. सावळ्या कांतीवर पुरळाची लाली तशी दिसत नाही. त्यामुळे निदान चुकण्याचा संभव असतो. ही उणीव भरून काढण्यासाठी २०२० साली लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठातून ‘माइंड द गॅप’ ही पुस्तिका निघाली.

चित्र पाहिले म्हणजे वाचकांनी दोन गोष्टी विचाराव्यात : हे कोणाच्या शरीराचे वा कोणत्या भूमीचे, आणि त्याची साक्ष कोणी दिली? आपल्या पूर्वजांनी ती नावानिशी दिली. त्यांची खरी पुण्याई आम्ही हीच मानतो.