सांबरा, मोपा, दाबोळी की उजळाईवाडी? सीमाभागातल्या विमानतळांची पूर्ण माहिती

कणकुंबी : खानापूर तालुक्याच्या या टोकाला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला निघते, तर थोड्याच अंतरावरची म्हादई पश्चिमेला गोव्याची वाट धरते. विमानाने जायचं म्हटलं की इथल्या माणसापुढेही तोच प्रश्न येतो. पूर्वेला जांबोटीमार्गे बेळगाव ओलांडून सांबरा, किंवा पश्चिमेला चोर्ला घाट उतरून गोवा. त्यातही गोव्यात आता एक नाही, दोन विमानतळ आहेत. आखातात कामाला जाणारा पोरगा, पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली लेक, दिल्लीला तपासणीसाठी न्यायचा पेशंट, अशा कारणांनी गावागावांतून विमानाचं तिकीट काढलं जातं. तिकीट मोबाईलवर पाच मिनिटांत निघतं. घोळ होतो तो पुढे. कुणी भलत्याच विमानतळावर पोचतो, तर कुणाला जी फ्लाईट गेल्या वर्षी होती ती यंदा नसल्याचं आयत्या वेळी कळतं.

याचं कारण साधं आहे. विमानतळ आणि विमानसेवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धावपट्टी ऐंशी वर्षं जागच्या जागी राहते, त्यावरची सेवा मात्र सहा महिन्यांत पालटते. सीमाभागातल्या प्रत्येक विमानतळाचा इतिहास बघितला तर हेच दिसतं.

सांबरा : युद्धात बांधलेली धावपट्टी

बेळगाव शहराच्या पूर्वेला सुमारे १० किलोमीटरवर असलेला सांबरा विमानतळ १९४२ साली ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सने बांधला. दुसरं महायुद्ध सुरू होतं, जपानी फौजा ब्रह्मदेशात होत्या आणि त्या आघाडीला पाठबळ देण्यासाठी, प्रशिक्षणासाठी इथली जागा वापरली गेली. स्वातंत्र्यानंतर तळ भारतीय हवाई दलाकडे आला. हवाई दलाच्या जवानांचं प्रशिक्षण केंद्र आजही इथं आहे, म्हणूनच ‘सांबरा’ म्हटलं की जुन्या माणसांना विमानतळाच्या आधी एअर फोर्स आठवतो.

१८ डिसेंबर १९६१ हा सांबऱ्याच्या इतिहासातला मोठा दिवस. गोवामुक्तीच्या ‘ऑपरेशन विजय’मध्ये इथून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं पोर्तुगीज बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केलं आणि गोव्याचा बाहेरच्या जगाशी असलेला संपर्क तुटला. त्याच दिवशी पुण्याहून निघालेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. म्हणजे आज ज्या दोन विमानतळांपैकी कुठला सोयीचा याचा हिशेब लोक करतात, त्यातल्या एकावरून उडालेली विमानं त्या दिवशी गोव्यावर चालून गेली होती आणि दुसरा बॉम्बचा मार खात होता.

नागरी सेवेचा इतिहास मात्र रखडत गेलेला. विमानसेवा सुरू व्हायची, काही काळ चालायची, बंद पडायची. धावपट्टी १,८३० मीटरची होती, ती वाढवून २,३०० मीटर करण्यात आली. सप्टेंबर २०१७ मध्ये नवीन टर्मिनल सुरू झालं. आता मोठी विमानं येणार म्हणून शहरात आनंद होता. पण पुढच्याच वर्षी, मे २०१८ मध्ये, स्पाइसजेटने आपल्या फ्लाईट सांबऱ्यातून उचलून हुबळीला नेल्या. हुबळीचा समावेश केंद्राच्या ‘उडान’ योजनेत झाला होता, बेळगावचा नव्हता. नवी इमारत, लांब धावपट्टी सगळं तयार आणि विमानं शेजारच्या जिल्ह्यात. बेळगावकरांना ही गोष्ट फार लागली, आणि लागणं साहजिकच होतं.

जानेवारी २०१९ मध्ये ‘उडान’च्या तिसऱ्या फेरीत बेळगावला बरेच मार्ग मिळाले आणि चित्र पालटलं. कोल्हापूरच्या घोडावत समूहाच्या स्टार एअरने छोटी जेट विमानं आणली. पण ‘उडान’चं गणित समजून घ्यायला हवं. काही सीटचे दर मर्यादित ठेवायचे, त्यातून कंपनीला येणारी तूट सरकारने भरून द्यायची, अशी ही योजना. ही मदत एका मार्गाला तीन वर्षांसाठी असते. तीन वर्षं संपली की कंपनी तिकीटविक्रीचा हिशेब मांडते आणि जमत नसेल तर मार्ग बंद करते. बेळगावातून सुरू झालेले काही मार्ग पुढे का दिसेनासे झाले, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथं आहे.

१० मार्च २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सांबऱ्याच्या आणखी एका नव्या टर्मिनलची पायाभरणी झाली. त्याच कार्यक्रमात हुबळीच्या टर्मिनलचीही पायाभरणी झाली आणि कोल्हापूरच्या नव्या टर्मिनलचं थेट उद्घाटन झालं. डिसेंबर २०२३ मध्ये कर्नाटक विधानसभेने सांबरा विमानतळाला कित्तूर राणी चन्नम्मा यांचं नाव देण्याची शिफारस करणारा ठराव केला.

दाबोळी : नाकेबंदीतून जन्मलेला विमानतळ

भारताने १९५० च्या दशकात गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, सीमेवरची रेल्वे आणि रस्ता वाहतूक थांबली, तेव्हा पोर्तुगीजांनी हवाई मार्ग उघडला. १९५५ मध्ये दाबोळीचा विमानतळ सुरू झाला. पोर्तुगीज सरकारच्या विमान कंपनीची विमानं तिथून दमण, दीव आणि कराचीला जात. बेळगावकडून गोव्यात जाणारी वाट बंद होती, म्हणून ही धावपट्टी झाली, असं म्हटलं तरी चालेल.

१८ डिसेंबरच्या हल्ल्यात धावपट्टीला खड्डे पडले, पण तळावर उभी असलेली दोन प्रवासी विमानं वाचली. त्याच रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टीची तात्पुरती डागडुजी केली आणि अंधारात ती विमानं कराचीकडे निसटली.

मुक्तीनंतर दाबोळी नौदलाकडे गेला. आजही तो ‘आयएनएस हंसा’ हा नौदलाचा तळ आहे आणि नागरी विमानं तिथं एका अर्थाने पाहुणी म्हणून उतरतात. याचा प्रवाशावर थेट परिणाम होतो. सोमवार ते शुक्रवार सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखीव असतात, त्यामुळे नागरी फ्लाईट त्याच्या आधी किंवा नंतर दाटीने असतात. लष्करी तळ असल्याने फोटो आणि व्हिडिओ काढायला मनाई आहे. विमानातून उतरल्या उतरल्या सेल्फी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मोपा : घाट उतरल्यावरचा नवा पर्याय

पेडणे तालुक्यातल्या मोपा पठारावर विमानतळ व्हावा की नाही यावर गोव्यात वर्षानुवर्षं वाद झाला. नोव्हेंबर २०१६ मध्ये पायाभरणी झाली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परवानगी स्थगित केल्याने काम अडलं, जानेवारी २०२० मध्ये पुन्हा मोकळीक मिळाली. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन होऊन ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. गोव्याचे माजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या नावावरून ‘मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ’ हे नाव आहे. जीएमआर ही खासगी कंपनी तो चालवते. धावपट्टी ३,५०० मीटरची आहे, विमानतळ चोवीस तास चालतो आणि नौदलाच्या वेळांची अडचण नाही.

खानापूर, चंदगड, दोडामार्ग, सावंतवाडी या भागाला मोपा सोयीचा पडतो. विशेषतः आखातात जाणाऱ्यांना. कतार एअरवेजने जून २०२४ मध्ये आपली दोहा सेवा दाबोळीवरून मोपाला हलवली. तोवर दोह्याला जाणारे सगळे वास्कोच्या बाजूला जायची सवय लागलेले. अशा वेळी जुन्या सवयीने गाडी दाबोळीकडे वळली तर काय होईल, ते सांगायला नको. दोन्ही विमानतळ एकमेकांपासून बरेच लांब आहेत. चूक लक्षात आल्यावर वास्कोहून पेडण्याला पोचेपर्यंत काउंटर बंद झालेलं असतं आणि तिकिटाचे पैसे बहुतेक वेळा बुडतात. नोकरीवर हजर व्हायची तारीख हुकली तर नुकसान त्याहून मोठं.

तिकिटावरची तीन अक्षरं

ही चूक टाळायचा उपाय तिकिटावरच छापलेला असतो. प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी कोड आहे. दाबोळी म्हणजे जीओआय, मोपा म्हणजे जीओएक्स. दोन्हीकडे शहराचं नाव ‘गोवा’ असंच दिसतं, फरक शेवटच्या अक्षराचा. बेळगावचा कोड आयएक्सजी, हुबळीचा एचबीएक्स, कोल्हापूरचा केएलएच, सिंधुदुर्गातल्या चिपीचा एसडीडब्ल्यू. मुंबईच्या तिकिटावरही आता बघून घ्यावं, कारण ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. जुन्या मुंबई विमानतळाचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. सांताक्रूझला न्यायला आलेला भाऊ आणि पनवेलजवळ उतरलेली बहीण, असा प्रकार नको.

वैमानिकांसाठी वेगळा चार अक्षरी कोड असतो. पश्चिम भारताचे कोड ‘व्हीए’ने, दक्षिणेचे ‘व्हीओ’ने सुरू होतात. बेळगाव आणि दाबोळी हे दोन्ही पूर्वी ‘व्हीए’मध्ये होते, नंतर ‘व्हीओ’मध्ये गेले. कोल्हापूर मात्र ‘व्हीए’मध्येच आहे. जमिनीवरची सीमा तशीच राहिली, आकाशातली तेवढी सरकली आणि त्यासाठी कुणी मोर्चा काढला नाही.

उजळाईवाडी, हुबळी, चिपी

निपाणीकरांना सांबऱ्यापेक्षा कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ जवळ. महामार्गाने साधारण ४० किलोमीटर, तर सांबरा त्याच्या दुप्पट. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली तो सुरू झाला, म्हणजे सांबऱ्याहूनही तीन वर्षांनी जुना. पण १,३७० मीटरच्या धावपट्टीवर छोटीच विमानं उतरू शकत आणि सेवा मध्ये मध्ये बंदच असे. २०१८ मध्ये ‘उडान’मधून ती पुन्हा सुरू झाली, धावपट्टी वाढवून १,९३० मीटर करण्यात आली, रात्री उतरण्याची सोय झाली.

धावपट्टीच्या लांबीला एवढं महत्त्व का? सांबरा समुद्रसपाटीपासून ७५८ मीटर उंचीवर आहे, कोल्हापूर सुमारे ६०० मीटर. उंचीवर हवा विरळ, त्यात उन्हाळ्यात तापलेली. अशा हवेत विमानाला उडण्यासाठी जास्त धावावं लागतं. समुद्राजवळच्या धावपट्टीवर जे विमान भरलेलं उडेल, ते पठारावर तेवढ्याच लांबीत उडेलच असं नाही. मग वजन कमी करावं लागतं, म्हणजे प्रवासी किंवा सामान.

हुबळीचा विमानतळ बेळगावपासून सुमारे १०० किलोमीटरवर. सांबऱ्याला सोयीची वेळ नसेल तर हा पर्याय बघायला हरकत नाही. चिपीचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ ला मोठ्या थाटात झालं, २,५०० मीटरची धावपट्टी आहे, पण तिथली सेवा कधी सुरू तर कधी खंडित असा अनुभव आहे. खात्री केल्याशिवाय चिपीच्या भरवशावर राहू नये. या पट्ट्यात सेवा नसलेल्या धावपट्ट्याही आहेत. सांगलीजवळ कवलापूरला जुनी धावपट्टी आहे, तिथं प्रवासी विमानतळ व्हावा ही मागणी कित्येक वर्षं चालू आहे.

निघण्यापूर्वी

विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. या तारखांच्या आसपासचा प्रवास असेल तर आधी काढलेल्या तिकिटाची वेळ पुन्हा तपासावी. वेळ बदलल्याचा मेसेज बुकिंगला दिलेल्या नंबरवर येतो. एजंटाकडून तिकीट काढलं असेल तर नंबर त्याचा पडतो आणि मेसेजही त्यालाच जातो, तेव्हा आपला नंबर द्यायचा आग्रह धरावा. सांबरा आणि उजळाईवाडीहून येणारी-जाणारी बरीचशी विमानं पन्नास-सत्तर सीटची असतात, सामानाच्या वजनाची मर्यादा तिकिटावर वाचूनच बॅग भरावी. काजू आणि लोणच्याचा डबा काउंटरवर काढून ठेवायची वेळ येऊ नये.

पावसाळ्याचं वेगळं. कणकुंबी, चोर्ला भागात पाऊस आणि धुकं इतकं असतं की घाटात दहा हातांवरचं दिसत नाही. चोर्ला रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ७४८ एए म्हणून ओळखला जातो, पण नावाने रस्ता रुंद होत नाही. झाड पडणं, दरड येणं, ट्रक अडकणं हे दर पावसाळ्यात चालूच असतं आणि बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नसते. घाट बंद पडला तर अनमोडमार्गे किंवा आंबोलीमार्गे वळसा पडतो. जून ते सप्टेंबर गोव्यातून पहाटेची फ्लाईट असेल तर आदल्या दिवशी उजेडी घाट उतरून साखळी, डिचोली किंवा म्हापशात मुक्काम करणारे बरेच आहेत, आणि त्यांचंच बरोबर आहे. काउंटर साधारण विमानाच्या एक तास आधी बंद होतं, परदेशी फ्लाईटला तीन तास आधी पोचावं लागतं. धुक्यामुळे सांबऱ्याला येणारं विमान उतरू शकलं नाही तर ते दुसरीकडे वळवलं जातं आणि परतीची फ्लाईटही लटकते, त्यामुळे पुढची फ्लाईट बेंगळुरू किंवा मुंबईहून धरायची असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवावा. शक्यतो दोन्ही टप्पे एकाच तिकिटात काढावेत. पहिल्या विमानाला उशीर होऊन पुढचं चुकलं तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. वेगवेगळी तिकिटं असतील तर ती आपल्यावरच पडते.