यीस्टमधील प्रथिननिर्मितीचे प्रतिदीप्तीद्वारे मापन

यीस्टच्या पेशींत एखादे प्रथिन किती प्रमाणात तयार होत आहे, हे त्याला जोडलेल्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या प्रकाशावरून जोखण्याची ही प्रयोगशाळेतील पद्धत आहे. एका रंगाचा प्रकाश शोषून अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकण्याच्या गुणधर्माला प्रतिदीप्ती किंवा फ्लुओरेसन्स म्हणतात.

पार्श्वभूमी

यीस्टचा उपयोग पाव व मद्य यांपुरता मर्यादित नाही. १९८६ साली अमेरिकेत यीस्टमध्ये तयार केलेल्या हेपटायटिस-बी लसीला मान्यता मिळाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची याच रोगावरील लसही हान्सेन्यूला पॉलिमॉर्फा या यीस्टच्या साहाय्याने बनवली जाते. अशा उत्पादनासाठी भरपूर प्रथिन देणारा यीस्टचा वाण निवडावा लागतो. पेशी न फोडता मोजमाप करता येणे हा प्रतिदीप्तीचा मोठा लाभ होय. त्यासाठी प्रामुख्याने हरित प्रतिदीप्त प्रथिन (जीएफपी) वापरतात. ओसामू शिमोमुरा यांनी ते १९६२ मध्ये एका जेलीफिशमधून वेगळे केले. या कार्यासाठी त्यांना मार्टिन चाल्फी व रॉजर त्सिएन यांच्यासह २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अडचणी

स्वयंप्रतिदीप्ती : यीस्टमधील, तसेच पोषक माध्यमातील रायबोफ्लेविनसारखी द्रव्ये स्वतःच हिरवट चमकतात. अल्प प्रमाणातील प्रथिनाचा प्रकाश त्यांत झाकला जातो.

विलंब : जीएफपी तयार होताच चमकत नाही. त्याचा प्रकाशदायी भाग घडण्यास काही काळ व ऑक्सिजन लागतो. दाट वाढीत ऑक्सिजन कमी पडल्यास प्रथिन असूनही प्रकाश मंदावतो.

आम्लता : पेशीतील रिक्तिका आम्लधर्मी असते. तेथे पोहोचलेल्या जीएफपीची चमक घटते.

टिकाऊपणा : यीस्टमध्ये जीएफपीचे अर्धायुष्य सुमारे ७ तासांचे आढळले आहे. त्यामुळे निर्मिती थांबल्यावरही प्रकाश दिसत राहतो.

जोडणीचा परिणाम : जीएफपी २३८ अमिनो आम्लांचे आहे. एवढी जोड मिळाल्याने मूळ प्रथिनाची घडण, स्थान किंवा कार्य बदलू शकते. जोड तुटल्यास मूळ प्रथिन नष्ट होऊनही चमक उरते.

उपाययोजना

जीएफपी नसलेला तोच वाण त्याच माध्यमात वाढवून त्याची चमक वजा करतात आणि उरलेल्या प्रकाशाला पेशींच्या संख्येने भागतात. जलद बदल टिपण्यासाठी सुमारे ३० मिनिटे अर्धायुष्याचे अल्पजीवी जीएफपी उपलब्ध आहे. तथापि प्रकाश हे प्रथिनाचे अप्रत्यक्ष माप असल्याने, निवडलेल्या वाणातील प्रथिन वेस्टर्न ब्लॉटसारख्या स्वतंत्र पद्धतीने पडताळणे आवश्यक ठरते.