बिनखलाशांच्या नौकेचा दोर

१८६० च्या आसपासची गोष्ट. एड्रियाटिक समुद्राच्या काठी जिओव्हानी लुप्पिस नावाचा ऑस्ट्रियाच्या नौदलातला अधिकारी एका लहानशा नौकेच्या मागे लागला होता. नाकाशी स्फोटकं, आत चावीवर चालणारं यंत्र आणि सुकाणूला बांधलेल्या लांबच लांब दोऱ्या. दोऱ्यांची दुसरी टोकं किनाऱ्यावरच्या माणसाच्या हातात. शत्रूचं जहाज दिसलं की नौका सोडायची आणि दोऱ्या ओढत तिला नेमकी त्याच्यावर घालायची. सरकारने ही कल्पना नाकारली, आणि त्यात फारसं चुकलं नाही. लाटा उसळल्यावर त्या दोऱ्यांचा गुंता कोण सोडवणार होतं? पण काळ्या समुद्रातल्या आजच्या निर्मनुष्य नौकांची वंशावळ मागे नेत गेलं, तर ती लुप्पिसच्या या दोऱ्यांपाशीच पोचते. माणूस किनाऱ्यावर राहावा आणि धोका पत्करायला नुसती नौका जावी, ही मूळ मागणी त्याची. पुढची दीडशे वर्षं दोर कशाचा करायचा, किती लांबवायचा आणि कधी तोडायचा, या खटपटीत गेली.

१८६४ मध्ये लुप्पिस फ्यूमे इथल्या एका कारखान्यात गेला. फ्यूमे म्हणजे आजचं क्रोएशियातलं रियेका. कारखाना चालवत होता रॉबर्ट व्हाइटहेड हा लँकेशायरचा इंग्रज अभियंता. त्याने दोऱ्यांवर बरीच डोकेफोड केली आणि शेवटी त्या काढूनच टाकल्या. नौका पाण्याखाली घातली, यंत्र दाबलेल्या हवेवर चालवलं, आणि १८६६ मध्ये पहिला पाणतीर तयार झाला. पण तो कधी उसळी मारून वर येई, कधी तळाला जाई. यावर व्हाइटहेडने १८६८ मध्ये काढलेला उपाय मला या सगळ्या कुळकथेत सर्वांत देखणा वाटतो. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. ठरलेल्या खोलीच्या खाली पाणतीर गेला की वाढलेला दाब आतल्या झडपेला रेटे, आणि तिला जोडलेली आडवी सुकाणी नाक वर उचलत. नुसत्या झडपेने पाणतीर हेलकावेच खात राही, म्हणून जोडीला लंबक दिला. नाक किती कललं ते लंबकाला कळे आणि तो झडपेला वेळीच आवरे. या जोडणीला 'गुपित' असंच म्हणत. आपण किती खोल आहोत हे यंत्राने स्वतः ओळखायचं आणि माणसाला न विचारता चूक सुधारायची. पुढच्या सगळ्या स्वयंचलित पाणबुड्या यंत्रांचं बीज इथे आहे.

दोर मात्र इतक्यात सुटणार नव्हता. व्हाइटहेडचा पाणतीर एकदा सुटला की सुटला, मध्येच वळवायची सोय नाही. मेलबर्नच्या लुई ब्रेननने १८७७ मध्ये वेगळाच घाट घातला. त्याच्या पाणतीरात इंजिनच नव्हतं. पोटात बारीक पोलादी तारेची दोन रिळं, आणि त्यांच्यावर फिरणारे पंखे. किनाऱ्यावरच्या किल्ल्यात बसवलेलं वाफेचं इंजिन त्या तारा मागे ओढी. तारा मागे आल्या की रिळं फिरत, रिळांबरोबर पंखे, आणि पाणतीर पुढे पळे. भोवऱ्याची जाळी मागे हिसकली की भोवरा पुढे सुटतो, तसंच काहीसं. एक तार दुसरीपेक्षा जोरात ओढली की सुकाणू वळे. ब्रिटिश सरकारने या युक्तीसाठी १,१०,००० पौंड मोजले आणि माल्टा, हाँगकाँगसारख्या बंदरांत ती बसवली.

निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओलहरींवर वळणारी होडी दाखवली आणि त्याच वर्षी तिचं पेटंट मिळवलं. नौदलाने ती घेतली नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी स्फोटकांनी भरलेल्या वेगवान बोटी सोडल्या त्या पुन्हा विजेच्या केबलवरच. त्यांतली एक २८ ऑक्टोबर १९१७ ला 'एरेबस' या ब्रिटिश युद्धनौकेवर जाऊन आदळली.

पाण्यावरच्या नौकेला पुढे रेडिओ मिळाला, मग उपग्रह मिळाला. पाण्याखाली दोन्ही कुचकामी. खारं पाणी रेडिओलहरी गिळून टाकतं. उरतो आवाज. तो पाण्यात सेकंदाला साधारण दीड किलोमीटर जातो, म्हणजे तीन किलोमीटरवरच्या यंत्राला काही विचारलं तर उत्तर यायला चार सेकंद लागणार, तेही तुटक. तेव्हा पाण्याखाली दोनच मार्ग: केबल लावा, नाहीतर यंत्राला शहाणं करा.

केबलवाल्या शाखेची कसोटी स्पेनच्या किनाऱ्यावर लागली. अमेरिकन नौदलाच्या पासाडिनातल्या केंद्राने 'कर्व्ह' नावाचं यंत्र बनवलं होतं, ते चाचणीत समुद्रतळाशी गेलेले पाणतीर उचलून आणायला. १७ जानेवारी १९६६ ला पालोमारेस गावावर इंधन भरताना दोन अमेरिकन विमानं एकमेकांवर आदळली. चार हायड्रोजन बॉम्ब खाली आले, त्यांतला एक समुद्रात. फ्रान्सिस्को सिमो ओर्त्स या कोळ्याने तो पॅराशूटसकट पडताना पाहिला होता. 'अल्विन' या छोट्या पाणबुडीने तो मार्चमध्ये शोधला. वर घेताना दोर तुटला, बॉम्ब पुन्हा घसरला, पुन्हा शोधावा लागला. अखेर कर्व्हला खाली सोडलं. ते काम करता करता पॅराशूटच्या कापडात असं अडकलं की सुटेना. मग कर्व्ह आणि बॉम्ब दोन्ही एकत्रच वर ओढले, तब्बल ८७० मीटरांवरून, ७ एप्रिलला. त्या गुंत्यात माणसांची पाणबुडी अडकली असती तर काय झालं असतं, याची कल्पनाही नको वाटते.

शहाण्या यंत्रांची शाखा सिएटलची. वॉशिंग्टन विद्यापीठाची प्रयोगशाळा १९४३ मध्ये निघाली होती ती नौदलाच्या न फुटणाऱ्या पाणतीरांचं दुखणं शोधायला. तिथेच १९५७ मध्ये 'स्पर्व्ह' हे विनाकेबल यंत्र सुरू झालं. आकार पाणतीराचाच, पोटात स्फोटकांऐवजी मोजमापाची उपकरणं. अमेरिकेतल्याच वूड्स होल समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचं 'रीमस' तर दोघांना उचलता येईल इतकं हलकं. मार्च २००३ मध्ये इराकच्या उम कस्र बंदरात मदतीचं जहाज लागण्याआधी सुरुंग शोधायला ते उतरवलं गेलं. या घराण्याने मारण्यापेक्षा शोधण्याचं आणि उचलण्याचं काम जास्त केलं, आणि त्याची खरी पुण्याई मला तिथेच दिसते.

लुप्पिसचा मूळ बेत मात्र २०२२ मध्ये पूर्ण झाला. २९ ऑक्टोबरला युक्रेनने सेव्हास्तोपोल बंदरावर स्फोटकं भरलेल्या निर्मनुष्य नौका घातल्या. १ फेब्रुवारी २०२४ ला अशाच नौकांनी 'इवानोवेत्स' ही रशियन युद्धनौका बुडवली. पडद्यावर बघत दूरचा माणूस त्या वळवत होता. दोर उपग्रहाचा होता एवढंच. तो दोर तोडून घाव घालायचा की नाही हेही यंत्रावर सोडायचं का, हा प्रश्न आता प्रत्येक नौदलापुढे आहे, आणि त्याचं उत्तर 'नाही' असंच असलं पाहिजे असं मला ठामपणे वाटतं.

आपल्याकडे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 'माया' हे छोटं स्वयंचलित यंत्र बांधलं ते पाण्याचा अभ्यास करायला. नौदलाची निकड निराळी आहे. सुरुंग काढणारं शेवटचं जहाज, 'आयएनएस कोझिकोड', एप्रिल २०१९ मध्ये निवृत्त झालं. नवी जहाजं गोवा शिपयार्डमध्ये बांधायची योजना त्याआधीच बारगळली होती. विशाखापट्टणमच्या संरक्षण प्रयोगशाळेने आता माणसाला हातांनी उचलून नेता येतील अशी यंत्रं केली आहेत. ती सोनारने तळ चाळतात, सुरुंगासारखी वस्तू स्वतः ओळखतात आणि आवाजाने एकमेकांशी बोलतात. मुंबई आणि न्हावा-शेवाच्या गढूळ पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसाला हातभरापलीकडचं दिसणं मुश्कील. ही यंत्रं चाचण्यांतून बाहेर पडून या बंदरांच्या तोंडाशी लवकरात लवकर यायला हवीत.