दादर टी. टी. : ट्रामने घडवलेला रस्ता

दादर पूर्वेला कोणालाही ‘टी. टी.’ विचारा, तो खोदादाद सर्कलकडे बोट दाखवील. या टी. टी.चा रेल्वेतल्या तिकीट तपासनिसाशी काडीचाही संबंध नाही. ती अक्षरे ‘ट्राम टर्मिनस’ची आहेत. ट्राम जाऊन साठ वर्षे उलटली, नाव मात्र गेले नाही. आजचा धागा त्या नावाविषयी आणि ते ज्या रस्त्यावर आहे त्याविषयी.

हा रस्ता म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग. भायखळा, लालबाग, परळ, दादर, माटुंगा असा तो उत्तरेला जातो. त्याचा दक्षिणेकडील भाग पूर्वी परळ रोड म्हणून ओळखला जाई. गव्हर्नरच्या परळच्या बंगल्याकडे जाण्याची ती वाट. (१८९९ साली त्याच बंगल्यात हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली.) पुढे साहेबांच्या बग्ग्यांची जागा गिरणी कामगारांच्या पावलांनी घेतली.

मुंबईत ट्राम आणण्याचा परवाना १८६५ सालीच दिला गेला होता. पण अमेरिकेतील यादवी संपली, कापसाचा भाव कोसळला आणि शहराचे दिवाळे वाजले. अखेर ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम धावली : कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी. भाडे तीन आणे. लवकरच ते दोन आण्यांवर आले. कंपनीच्या तबेल्यात सुमारे ९०० घोडे होते. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली आणि घोडे सुटले.

खरी कलाटणी इथे आहे. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची मोकळी जमीन आखून वसाहतींसाठी खुली केली. परंतु फोर्टात नोकरी करणारा कारकून इतक्या दूर राहणार कसा? नकाशा ट्रस्टने काढला, तरी त्यावर माणसे आणून वसवली ती आगगाडीने आणि ट्रामने, असे माझे मत आहे. टी. टी.भोवतालच्या हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी पाहा. चालत पाच-दहा मिनिटांत ट्रामही आणि दादर स्टेशनही.

१५ जुलै १९२६ रोजी बस सुरू झाली आणि ट्रामला स्पर्धक मिळाला. १९०५ साली स्थापन झालेल्या ‘बेस्ट’ कंपनीच्या नावातला शेवटचा ‘टी’ ट्रामवेजचा होता. १९४७ साली ती महापालिकेकडे आली आणि तो ‘टी’ ट्रान्सपोर्टचा झाला. ट्रामचे पुढे काय होणार, ते नावातच दिसू लागले होते म्हणा ना!

ट्राम संथ आहे, रस्त्याच्या मध्यातून चालून वाहतूक अडवते, हा तिच्यावरचा आरोप. तो खोटा नव्हता, अर्धवट होता. एका ट्राममधली माणसे मोटारींत बसवली असती, तर रस्ता कितीतरी अधिक अडला असता. तो हिशेब मागे पडला. ३१ मार्च १९६४च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला निघाली.

२०११ साली याच रस्त्यावर लालबागचा उड्डाणपूल खुला झाला. वरून जाणाऱ्याला ना लालबाग लागते ना परळ. बसची वाट पाहणारा मात्र पुलाखालीच उभा असतो.

आणि बोरीबंदरला, भाटिया बागेत, २०२१ साली ट्रामचा एक डबा शोभेसाठी ठेवला गेला. तो कोलकात्याहून आणावा लागला.