'कधीच समाधानी नसलेली' आणि वाचवलेली वीज

विजेवर धावणाऱ्या शर्यतीच्या मोटारींची आंतरराष्ट्रीय मालिका म्हणजे फॉर्म्युला ई. 2026-27 हा तिचा तेरावा हंगाम, आणि या हंगामात चौथ्या पिढीची नवी गाडी उतरणार आहे. सगळीकडे चर्चा आहे ती तिच्या 600 किलोवॉटच्या शक्तीची, म्हणजे आठशेहून जास्त अश्वशक्तीची. हा आकडा वाचला आणि मला 1899 मधली एक गाडी आठवली. वेगाच्या जोरावर तिने जग चकित केले होते, तरीही इतिहासात तिची बाजू हरली. येत्या हंगामाकडे कसे पाहावे, हे त्या हरण्यात दडलेले आहे असे मला वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये विजेवर चालणाऱ्या भाड्याच्या गाड्या बनवणाऱ्यांत चुरस होती. आपली गाडी सर्वांत वेगवान हे दाखवले की गिऱ्हाईक आपल्याकडे येईल, असा साधा हिशेब. 18 डिसेंबर 1898 रोजी काउंट गॅस्टन द शासलू-लोबा याने पॅरिसजवळच्या आशेर येथे ताशी 63 किलोमीटरचा विक्रम केला. बेल्जियमचा कामी जेनात्झी त्याला आव्हान द्यायला उतरला. पुढचे काही महिने विक्रम कधी याच्याकडे, तर कधी त्याच्याकडे. अखेर 29 एप्रिल 1899 रोजी जेनात्झीने पाणतीरासारख्या आकाराच्या गाडीतून ताशी 105.88 किलोमीटरचा वेग गाठला. रस्त्यावरच्या वाहनाने ताशी शंभर किलोमीटर ओलांडण्याची ही पहिली वेळ होती, आणि ते वाहन विजेचे होते. गाडीचे नाव होते 'ला जामे कॉन्तांत', म्हणजे 'कधीच समाधानी नसलेली'.

इतका वेग असूनही पुढची शंभर वर्षे पेट्रोलची ठरली. 1901 मध्ये टेक्सासमधल्या स्पिंडलटॉप येथे तेलाचा प्रचंड साठा लागला आणि इंधन स्वस्त झाले. 1908 मध्ये फोर्डची मॉडेल टी आली. पेट्रोलची गाडी सुरू करायला लोखंडी दांडा जोर लावून फिरवावा लागे. विजेच्या गाडीला ती कटकट नव्हती, म्हणून अमेरिकेत ती स्त्रियांची गाडी म्हणून विकली जाई. 1912 मध्ये कॅडिलॅकमध्ये दांड्याऐवजी विजेचा स्टार्टर बसला आणि तोही फायदा गेला. विजेची गाडी संपवायला विजेचीच एक छोटी मोटार कामी आली! पण मूळ दुखणे बॅटरीचे होते. ती जड होती, लवकर संपे आणि भरायला तासन् तास लागत. कमतरता वेगाची नव्हती, पुरवठ्याची होती.

ही गोष्ट पुन्हा शर्यतीच्या मैदानात आली ती 2011 मध्ये. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष जाँ तोद आणि स्पॅनिश उद्योजक अलेहांद्रो अगाग यांनी पॅरिसच्या एका रेस्टॉरंटमध्ये जेवताना कागदी रुमालावर या मालिकेची रूपरेषा लिहिली. पहिली शर्यत 13 सप्टेंबर 2014 रोजी बीजिंगच्या ऑलिंपिक परिसरात झाली. शेवटच्या वळणावर पहिले दोघे, निकोला प्रोस्त आणि निक हाइडफेल्ड, एकमेकांवर आदळले आणि तिसरा असलेला लुकास दि ग्रासी जिंकला.

पण त्या दिवशीचे खरे दृश्य दुसरेच होते. वीस चालकांसाठी चाळीस गाड्या आणल्या होत्या. अर्ध्या वाटेवर बॅटरी संपत आली की चालक आत येई, एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत बसे आणि पुढे निघे. पाहणारे हसले. 1899 चे दुखणे 2014 मध्येही तसेच होते.

आपल्या वीजबिलावरचे एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. पहिल्या पिढीच्या गाडीला वापरायला अशी 28 युनिटे मिळत. 2018 मध्ये दुसऱ्या पिढीची गाडी आली, तिची बॅटरी जवळपास दुप्पट होती आणि एकाच गाडीत पूर्ण शर्यत होऊ लागली. 2023 मध्ये तिसरी पिढी आली तेव्हा मात्र उलटे घडले. शक्ती वाढली, पण बॅटरी लहान आणि गाडी हलकी झाली. हे जमले ते ब्रेकमुळे. ब्रेक लावताना मोटार उलटे काम करते, म्हणजे गाडीच्या गतीतून वीज तयार करून बॅटरीत परत भरते. मुंबईच्या नव्या लोकल ब्रेक लावताना तारेत वीज परत सोडतात, त्यातलाच हा प्रकार. तिसऱ्या पिढीच्या गाडीत शर्यतीत लागणाऱ्या विजेपैकी सुमारे 40 टक्के वीज अशी परत मिळवलेली असते. मागच्या चाकांना नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेक ठेवलेच नव्हते.

हा हिशेब चुकला की काय होते, ते 24 एप्रिल 2021 रोजी व्हॅलेन्सियात दिसले. पाऊस आणि अपघातांमुळे सेफ्टी कार पुन्हा पुन्हा आली, आणि नियमाप्रमाणे प्रत्येकाच्या वाट्याची वीज कमी केली गेली. आघाडीवरच्या अंतोनियो फेलिक्स दा कोस्टाने वेळ संपायला काही सेकंद उरले असताना रेषा ओलांडली, त्यामुळे आणखी एक पूर्ण फेरी वाढली. तेवढी वीज बहुतेकांकडे नव्हतीच. जगातले निष्णात चालक रांगत रांगत मागे पडले, आणि ज्याने वीज राखली होती तो निक द फ्रीस जिंकला.

हे वाचताना मला हदीसमधली घोड्यांची शर्यत आठवते. सहीह बुखारीत इब्न उमर (रजि.) यांच्याकडून नोंद आहे की पैगंबर मुहम्मद (स.) यांनी तयार केलेल्या घोड्यांची शर्यत हफ्या ते सनियतुल विदा अशी लावली, म्हणजे पाच-सहा मैल. तयार न केलेल्या घोड्यांसाठी अंतर सुमारे एक मैलच. तयारी म्हणजे काय? घोड्याला आधी भरपूर खाऊ घालून धष्टपुष्ट करायचे, मग चारा कमी करत, घाम काढत त्याला चपळ बनवायचे. लांबची शर्यत कमी चाऱ्यावर टिकणाऱ्या घोड्याची होती. आपल्याकडे इसराफ म्हटले की लग्नातली जेवणे आठवतात. पण वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, इतकी ती शिकवण बारीक आहे. समोर मुबलक असतानाही जपून वापरणे हीच खरी परीक्षा.

मुबलकतेचा विषय निघाला की अरबस्तानाचे नाव येतेच. सौदी अरबमध्ये 1938 मध्ये तेल सापडले, आणि 15 डिसेंबर 2018 रोजी त्याच देशात, पहिल्या सौदी राज्याची राजधानी असलेल्या दिरिया येथे, विजेच्या गाड्या धावल्या. त्याच वर्षी 24 जूनला तिथल्या स्त्रियांना गाडी चालवण्याची परवानगी मिळाली होती. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशीच्या चाचणीत अमिरातीच्या आमना अल कुबैसीसह अनेक स्त्री-चालकांनी या गाड्या चालवल्या. मला त्याचा आनंद आहे. पण गाडी चालवण्याच्या हक्कासाठी झगडलेली लुजैन अल हथलूल त्या दिवशी तुरुंगात होती, हेही त्याच पानावर लिहायला हवे. तेलाच्या पैशातून विजेची शर्यत भरवणे हे परिवर्तन की रंगरंगोटी, हे एका दिवसाच्या झगमगाटावरून ठरत नाही.

या इतिहासात आपलाही वाटा आहे. महिंद्राचा संघ पहिल्या शर्यतीपासून मैदानात आहे. पहिल्या हंगामात करुण चांधोक त्याचा चालक होता, आणि 2017 मध्ये बर्लिनला फेलिक्स रोझेनक्विस्टने संघाला पहिला विजय मिळवून दिला. 11 फेब्रुवारी 2023 रोजी कुतुबशाही काळातल्या हुसेन सागराच्या काठी हैदराबादेत ही शर्यत झाली आणि जाँ-एरिक व्हेर्न जिंकला. पुढच्या वर्षीची शर्यत मात्र राज्यात सरकार बदलल्यावर रद्द झाली. एका वर्षासाठी रस्ते गुळगुळीत झाले, मग विषय संपला. हौसेने सुरू करणे सोपे असते, टिकवणे अवघड. बॅटरीची कथाही याहून वेगळी नाही.

आता नवी गाडी. शर्यतीत 450 किलोवॉट, म्हणजे 2014 च्या तिप्पट शक्ती, आणि ठरावीक प्रसंगी 600. चारही चाकांना कायम जोर. इतक्या वेगाला शहरातले अरुंद रस्ते अपुरे पडतील, ही भीती रास्त आहे. आणि शहराच्या मधोमध, लोकांच्या दारात शर्यत नेणे हीच तर या मालिकेची मूळ ओळख. शिवाय गाड्या आणि सामान जगभर वाहून नेण्यातच या मालिकेचा सर्वाधिक कार्बन खर्च होतो. मैदानावरच्या बचतीने तो हिशेब मिटत नाही. हे आक्षेप घेऊनच मी हा हंगाम पाहणार आहे.

पण या गाडीचा आणखी एक आकडा आहे, त्याची चर्चा कमी होते: 700 किलोवॉट. ब्रेक लावताना ती इतक्या दराने वीज परत घेऊ शकते. जितक्या जोराने ती खर्च करते, त्याहून जास्त जोराने परत मिळवते. 1899 च्या गाडीला हेच जमले नव्हते. तिला फक्त पुढे धावणे माहीत होते, म्हणून नाव सार्थ करून ती संपली. 600 चा आकडा त्या 'कधीच समाधानी नसलेली'चा वारस आहे, तर 700 चा आकडा कनाअतचा.

उद्या आपल्या गल्लीत येणारी रिक्षा, एसटीची विजेची बस, शेजाऱ्याची स्कूटर या दोन आकड्यांपैकी दुसऱ्यावरच टिकणार आहे. मुलांसोबत ही शर्यत पाहाल तेव्हा कोण पुढे आहे एवढेच विचारू नका. पडद्यावर प्रत्येक चालकाची उरलेली वीज टक्क्यांत दाखवतात, तीही वाचायला सांगा. शेवटच्या पाच फेऱ्यांत निकाल बहुधा तिथेच लिहिलेला असतो.